घाटावरच्या लाकडी खिडक्या

काशीच्या पश्चिम तीरावर नारद घाट आणि खोरी घाट यांच्या मध्ये जो प्रशस्त दगडी घाट लागतो, त्यास आज राजा घाट म्हणतात. त्याचे जुने नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र आणि दुसऱ्या बाजीरावांचे थोरले बंधू अमृतराव पेशवे यांनी तो पक्का बांधून काढला. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांनी पुण्याचा कारभार ज्यांच्या हाती सोपविला, ते हेच अमृतराव. पुढच्याच वर्षी इंग्रजांशी तह करून त्यांनी वार्षिक सात लाख रुपयांची नेमणूक पत्करली आणि उत्तरेची वाट धरली. कर्वी आणि काशी येथे त्यांचे उत्तरायुष्य दानधर्मात गेले. १८२४ मध्ये काशीक्षेत्रीच त्यांचा देह पडला. भोसले घाटाच्या उत्तरेस असलेला गणेश घाट आणि तेथील अमृतविनायकाचे मंदिर हीदेखील त्यांच्याच नावाशी निगडित आहेत.

मराठी माणसाला काशीचा हा सारा किनारा आपल्याच गावच्या नदीकाठासारखा वाटावा, इतक्या मराठी खुणा तेथे आहेत. अहिल्याबाईंचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट आणि उत्तरेस दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरातील जुन्या मराठी घराण्यांची वस्ती. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्मही येथलाच. त्यांचे वडील मोरोपंत तांबे हे चिमाजी आप्पांच्या पदरी होते. या घाटांच्या दगडाविषयी, त्यांवरील मंदिरांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या दगडविटांच्या भिंतींमध्ये बसविलेल्या लाकडाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घाटावर उभे राहून वर पाहिले, तर निळ्या-हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटलेल्या, एक झडप शाबूत आणि दुसरी दोरीने बांधलेली अशा कितीतरी खिडक्या दिसतात. घाटाच्या पायऱ्या शासनाकडून दुरुस्त होऊ शकतात. खिडकी मात्र ज्याच्या घरची, त्यानेच सांभाळावयाची असते.

ती सांभाळावी की काढून टाकून तेथे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवावी, हा प्रश्न अशा प्रत्येक घरात आज ना उद्या निघतो. खिडकी कुजली, असे घरातील मंडळी म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा खिडकी कुजलेली नसते. कुजलेली असते ती तिच्या तळची दोन-तीन इंच पट्टी. या दोन विधानांतील अंतर ओळखता आले, तर दुरुस्तीचा निम्मा मार्ग सापडतो.

दोन वाऱ्यांमधले घर

काशीचे घाट पूर्वाभिमुख आहेत. घाटमाथ्यावरच्या घरांना एक बाजू गंगेची, तर दुसरी गल्लीची. पावसाळ्यात गंगेच्या मैदानात वारे मुख्यतः पूर्वेकडून वाहतात. काशीकर त्यांना पुरवैया म्हणतात. नदीवरून येणारा हा वारा पावसाला तिरका करून थेट पूर्वेच्या खिडक्यांवर आणून आदळतो. उन्हाळ्यात मात्र पश्चिमेकडून कोरडी, होरपळणारी लू सुटते. त्यामुळे एकाच घरातील दोन बाजूंच्या खिडक्यांची दुखणी अगदी वेगवेगळी असतात. गंगेकडची खिडकी तळातून कुजते, तर गल्लीकडची, घरे दाटीने उभी असल्यामुळे थोडी बचावली तरी, वाळून तडकते आणि सांध्यांत सैल होते. पहिलीस पाण्याचा निचरा हवा, दुसरीस तेल आणि पाचर. दोन्हींवर सारखाच रंग फासून मोकळे होणाऱ्यास दोन-तीन वर्षांनी तेच काम पुन्हा करावे लागते.

याशिवाय माकडे आहेत. घाटावरच्या घरात खिडकीस गज नसेल तर स्वयंपाकघर आपले राहत नाही. म्हणून जुन्या चौकटीत उभे लोखंडी गज रोवलेले असतात. पण जेथे गज लाकडात शिरतो, तेथेच पाणीही शिरते. गंजलेले लोखंड मूळ आकारमानाहून कितीतरी अधिक जागा मागते आणि चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडाला आतून चिरत जाते. चौकटीतील उभ्या चिरा बहुधा अशा गजांच्या रांगेतच आढळतात. वाळवीवर त्याचा आळ घेण्यापूर्वी गजाचे बूड तपासावे.

श्रावणात रंधा नको

पावसाळ्यात खिडकी लागेनाशी होते, हा सार्वत्रिक अनुभव. अशा वेळी सुतारास बोलावून झडपेची कड रंध्याने तासून घेतली जाते. कार्तिकात त्याच खिडकीच्या दोन झडपांमध्ये बोटभर फट पडते आणि पौषातील धुके खोलीत येऊ लागते.

याचे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. ओलाव्याने ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते. सागाच्या तीन इंची पट्टीतील ओलावा आठ टक्क्यांनी वाढला, तर ती सुमारे एक मिलिमीटर रुंद होते. दोन झडपांच्या खिडकीस उभ्या पट्ट्या चार. म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा यांमध्ये चारएक मिलिमीटरची तफावत पडणारच. जुन्या सुतारांना हे आकडे ठाऊक नसतील, हिशेब ठाऊक होता. झडपेच्या मध्यभागी ते जी पातळ फळी बसवीत, ती चारही बाजूंनी खाचेत मोकळी सोडीत. तिला सरस लावीत नसत, खिळाही मारीत नसत, कारण तिला वर्षभर श्वास घेण्यास जागा हवी असे. नवशिक्या माणसाचा पहिला उत्साह मात्र नेमका या फळीला खिळे ठोकण्याकडे वळतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ती मधोमध फाटते.

दुरुस्तीस योग्य काळ फाल्गुन-चैत्राचा. त्या वेळी लाकूड कोरडे असते, पण वैशाखातल्याइतके कडक वाळलेले नसते. रंग नीट सुकतो. पौष-माघातील धुक्यात रंग चिकट राहतो, तर मे महिन्याच्या उन्हात त्यावर वरून साय धरते आणि आतून तो ओला राहतो. चैत्रात बसविलेल्या झडपेच्या भोवती जुन्या एक रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी मोकळीक ठेवली, म्हणजे श्रावणात ती अडत नाही.

दाभणाची परीक्षा

काम हाती घेण्यापूर्वी एक दाभण घेऊन खिडकीसमोर बसावे. रंग कितीही चांगला दिसला, तरी दाभण खोटे बोलत नाही. चौकटीचे खालचे आडवे लाकूड, झडपांच्या खालच्या पट्ट्या, उभ्या पट्ट्यांची टोके आणि गजांची बुडे या जागी ते टोचून पाहावे. निरोगी लाकडात टोक थोडेसे रुतते आणि बाहेर काढताना जोर लागतो. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात शिरावे तसे जाते. जेथे ते अडते, तेथे खडूने रेघ ओढावी. दुरुस्ती त्या रेघेच्या खालची.

कूज आणि कीड यांत फरक करणेही आवश्यक आहे. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून चौकटीकडे गेलेल्या दिसल्या, तर ती वाळवी. तिचा बंदोबस्त भिंतीपासून करावा लागतो, केवळ लाकडावर औषध मारून ती जात नाही. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे आणि त्यांखाली पिठासारखी भुकटी दिसली, तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. बोरिक आम्ल आणि टाकणखार यांचे द्रावण कोऱ्या लाकडात मुरविल्यास त्यावर चांगला उपयोग होतो. कुजविणारी बुरशी या दोहोंहून वेगळी. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राखला, तर ती वाढूच शकत नाही. तिच्यावरचे खरे औषध म्हणजे कोरडेपणा.

चूल, पल्ला आणि कब्जा

काशीत राहून सुताराशी बोलावयाचे, तर शब्दांची थोडी ओळख असावी लागते. आपल्या झडपेस तेथे पल्ला म्हणतात, बिजागरीस कब्जा, पटाशीस रुखानी. रंधा तेवढा दोन्हीकडे सारखा. पट्टीच्या टोकाचे कुसू म्हणजे तेथील चूल. महाराष्ट्रातून नव्याने गेलेल्या गृहिणीला ‘चूल हिल गयी है’ हे ऐकून प्रथम स्वयंपाकघर आठवते! तिरक्या पट्ट्यांच्या ज्या झडपांमधून वारा येतो आणि ऊन अडते, त्यांस झिलमिली म्हणतात. घाटावरच्या घरास तिच्याहून चांगली सोय नाही. पट्ट्या मोडल्या म्हणून झिलमिलीच काढून तेथे काच बसविणे म्हणजे वैशाखात भट्टी पेटविणे होय. एकेक पट्टी स्वतंत्रपणे बदलता येते.

जुनी झडप मुख्यतः खिळ्यांवर उभी नसते. आडव्या पट्टीचे कुसू उभ्या पट्टीच्या खोबणीत बसवून त्यात आरपार लाकडाची किंवा बांबूची खुंटी ठोकलेली असते. ही खुंटी मागच्या बाजूने हलकेच ठोकून काढली, की सारी झडप हातात सुटी होते. नव्या कारखानी खिडकीत ही सोय क्वचितच असते. जुनी खिडकी टिकते, ती तिचे लाकूड अमर असते म्हणून नव्हे, तर ती सोडविता येते म्हणून.

उदाहरणादाखल गंगेकडची, चार फूट उंच आणि तीन फूट रुंद अशी दोन झडपांची खिडकी घेऊ. उतरविण्यापूर्वी प्रत्येक झडपेवर डावी-उजवी, आतली-बाहेरची बाजू खुणेने नोंदवून ठेवावी, कारण शंभर वर्षे एका जागी राहिलेली झडप दुसऱ्या जागी बसत नाही. गंजलेल्या स्क्रूची खाच आधी टोकदार खिळ्याने स्वच्छ करावी. रॉकेलचे दोन थेंब टाकून एक रात्र थांबावे. घाईने फिरविल्यास डोके तुटते आणि पाय लाकडातच राहतो.

खालची आडवी पट्टी पूर्ण गेली असेल, तर तेवढी नवीन करावी. उभ्या पट्टीचे फक्त टोक कुजले असेल, तर ते खडूच्या रेघेच्या वर, निरोगी लाकडात, तिरके कापावे. उतार बाहेरच्या बाजूस असावा, म्हणजे सांध्यावर आलेले पाणी आत न मुरता बाहेर ओघळते. जोडावयाचा तुकडा त्याच जातीचा, पूर्ण वाळलेला आणि रेषा त्याच दिशेच्या असलेला घ्यावा. पूर्व उत्तर प्रदेशातील जुन्या घरांत सागाप्रमाणेच साखू, म्हणजे साल, आणि शिसवही आढळतात. तेव्हा आधी लाकूड ओळखावे आणि मग वखारीत जावे. वखारीतील नवा ओला साखू जुन्या पट्टीस जोडला, तर तो वाळताना सांधा उघडतो. जुन्या दारांचे मोडके लाकूड मिळाले तर उत्तम. सागाच्या अंगी तेल असते, म्हणून चिकटविण्यापूर्वी सांध्याच्या दोन्ही बाजू स्पिरिटने पुसाव्यात आणि पाण्यात न विरघळणारा गोंद वापरावा. भोक बुजविण्याचे तयार मिश्रण बाजारात मिळते. बोटभर खड्ड्यास ते ठीक, पण वीतभर कूज त्याने भरून काढणे म्हणजे दुखणे झाकणे. ओल्या लाकडावर तर ते धरतच नाही.

झडप पुन्हा जुळविताना ती काटकोनात आहे की नाही, हे पाहण्यास साधा दोरा पुरतो. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले, की खुंटी ठोकावी. पकडण्यास शिकंजा नसेल, तर झडपेभोवती सुंभाची दोरी गुंडाळून तीत काठी घालून पीळ द्यावा.

रंगातील शिसे

जुन्या खिडकीवर रंगाचे आठ-दहा थर सहज असतात. ते खरवडण्याचे काम घरातील मुलांकडे सोपविण्याची प्रथा आहे. ती तत्काळ बंद करण्याजोगी आहे. जुन्या तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारे नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे त्यापूर्वीच्या थरांविषयी सावधगिरी हवीच. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे. रंग कोरडा घासू नये, ज्योतीने जाळू तर मुळीच नये. फवाऱ्याने ओला करून खरवडावा, खाली प्लास्टिकचा कागद पसरावा, नाकातोंडावर चांगल्या प्रतीचा मुखपट्टा बांधावा आणि निघालेले पापुद्रे गंगेत न टाकता बांधून कचऱ्यात द्यावेत. जो थर घट्ट बसलेला आहे, तो सारा काढण्याचा हट्टही नको.

उघड्या लाकडास जवसाच्या तेलाचा, म्हणजे रंगाच्या दुकानातील बेल तेलाचा, पातळ हात द्यावा. पट्ट्यांची कापलेली टोके पाणी सर्वाधिक शोषतात, तेथे दोन-तीन वेळा तेल मुरवावे. येथे एक धोका आहे. बेल तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. लाकडी जिन्यांच्या आणि अरुंद गल्ल्यांच्या वस्तीत हे विसरून चालणार नाही. तावदानांभोवती लावावयाची लांबीही याच तेलात खडूची भुकटी मळून घरी करता येते. जुन्या काचांमध्ये किंचित लहरी असतात. त्या दोष समजून काच बदलण्याचे कारण नाही.

चुना की सिमेंट

खिडकीचे आयुष्य ठरते ते पुष्कळदा गवंड्याच्या हातून. काशीची जुनी घरे पातळ लखौरी विटांची आणि चुना-सुरखीची. अशी भिंत ओलावा घेते आणि सोडतेही. चौकटीभोवतीचा चुना झडला, की तेथे सिमेंट भरण्यात येते. वरून ते मजबूत दिसते. पण लाकूड आकसले की लाकूड आणि सिमेंट यांच्या मध्ये केसाएवढी फट पडते, तीतून पाणी आत जाते आणि सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. पाचएक पावसाळ्यांनी चौकटीचा पाय कुजतो आणि दोष लाकडास दिला जातो. चौकटीभोवती चुनाच भरावा. खिडकीखालच्या कट्ट्यास बाहेरच्या बाजूने उतार द्यावा आणि बाहेर आलेल्या कडेच्या खालच्या अंगास एक बारीक खाच पाडावी, म्हणजे पाण्याचा थेंब भिंतीकडे न परतता तेथेच गळून पडतो. ही खाच पाडण्यास अर्धा तास पुरतो.

परवानगी, खर्च आणि कर्ज

गंगेच्या काठापासून २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर निर्बंध आहेत आणि घराच्या दुरुस्तीसाठीही वाराणसी विकास प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. काशीचा हा नदीकाठ २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या संभाव्य यादीत दाखल झाला. झडप उतरवून तिची पट्टी बदलणे निराळे आणि चौकट उखडून भिंतीतील भोक मोठे करणे निराळे. दुसऱ्या प्रकारच्या कामास हात घालण्यापूर्वी प्राधिकरणात चौकशी करावी. घाटावरच्या घरमालकास घर पाडून नवे बांधण्याचा मार्ग जवळजवळ बंद असल्यामुळे, आहे ते राखणे हाच त्याच्या मालमत्तेचे मूल्य राखण्याचा व्यवहार्य मार्ग उरतो.

खर्चाच्या दृष्टीने एका खिडकीस कर्जाची आवश्यकता नाही. या कामात लाकूड थोडे लागते आणि मजुरी अधिक. त्यामुळे दरवर्षी दोन खिडक्या असे वाटून घेतल्यास घरखर्चातून ते भागते. सारे घरच हाती घ्यावयाचे असेल, तर बँकांची घरदुरुस्ती कर्जे असतात. मात्र अशा घरांच्या बाबतीत अडचण व्याजदराची नसते, कागदपत्रांची असते. चार पिढ्यांत नावावर न चढलेले वारस, पुण्यास किंवा परदेशी असलेले सहहिस्सेदार, देवस्थानाकडे असलेली मालकी, जुने भाडेकरू, यांपैकी एक तरी प्रश्न बहुधा असतोच. म्हणून वारसनोंदी आणि सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आधी मिळवावी, सुतार-गवंड्यांकडून कामाचे तपशीलवार अंदाजपत्रक घ्यावे आणि मग शाखेत जावे. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीकर्जावरील व्याजाची वर्षास ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, ती लक्षात घ्यावी. कित्येक घरांत भावाभावांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षांनी सुरू होतो, तो अशा एखाद्या संमतिपत्राच्या निमित्ताने.

पूर आल्यास

वाराणसीस गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. घाटाच्या सखल बाजूच्या घरांत तळमजल्याच्या खिडक्या पाण्यात जाऊ शकतात. शक्य असेल तर पाणी चढू लागताच झडपा बिजागरीतून काढून वरच्या मजल्यावर न्याव्यात. चौकट राहीलच. पाणी ओसरल्यावर गाळ सुकण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा, विशेषतः खाचांतला आणि गजांच्या बुडांतला. ओली झडप उन्हात टाकू नये, ती पिळवटते. सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी उभी ठेवावी. दिवाळी तोंडावर आलेली असते आणि रंग देण्याची घाई होते. तसे केल्यास ओल आत कोंडली जाते. कार्तिकात घाटावर आकाशदिवे लागतात, तोवर खिडकी तशीच कोरी राहू द्यावी. मार्गशीर्षात दाभणाने पुन्हा एकदा टोचून पाहावे, तोवर लाकूड वाळले नसेल तर फाल्गुनापर्यंत थांबावे आणि मगच रंगाचा डबा उघडावा.